काळी रेघ

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात झेरॉक्सचं मशीन (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे ते झेरॉक्सच!) मामांच्या ताब्यात असतं. मी डोंबिवलीच्या गर्दीतून धापा टाकत पोचते तोवर मामांनी काच पुसलेली असते. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतात, म्हणून लागतील तेवढेच काढून उरलेलं रीम पुन्हा गुंडाळून ठेवायचं, हेही त्यांचंच. टोनर सांडला तर पुसायचं फडकं कोरडं किंवा थंड पाण्याचं. एकदा मी गरम पाणी आणायला निघाले तर म्हणाले, "ताई, ते प्लास्टिकच असतं, गरम केलं की चिकटतं." आणि खरंच की! टोनर उष्णतेने वितळून कागदाला चिकटतो, म्हणून तर झेरॉक्स पुसली जात नाही.

तर, गेल्या पावसाळ्यात प्रत्येक प्रतीवर एक बारीक काळी उभी रेघ यायला लागली. आम्ही दुर्लक्ष केलं. पुढच्याच आठवड्यात टिटवाळ्याच्या एक आजी फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन परत आल्या. रेघ नेमकी खाते क्रमांकातल्या एका आकड्यावरून गेली होती. सहा की आठ, कळत नव्हतं. अर्ज परत आला होता. गुडघ्याला पट्टा बांधून, लोकल बदलून आलेल्या त्या बाई मलाच म्हणाल्या, "माझंच काही चुकलं का गं?"

मी सगळा राग मामांवर काढला. सगळ्यांसमोर. "रोज पुसता म्हणता, मग ही रेघ कुठून आली?" ते एवढंच म्हणाले, "पुसतो हो ताई."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काचेवर ठेवून काढली तरी रेघ येते, की वरच्या फीडरमधून घातली तरच?" हे कोणी बघितलंच नव्हतं! काचेवरची प्रत स्वच्छ आली. मोठ्या काचेच्या शेजारी एक बोटभर रुंदीची पट्टी असते. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकतो, आणि दिवा खाली एकाच जागी थांबून तो वाचतो. त्यामुळे तिथला एक ठिपका म्हणजे पानभर रेघ. त्याने नखाने खरवडून दाखवला. वाळलेला डिंक आणि त्यावर बसलेली काळी धूळ.

डिंक! भाडेपावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून, ओल्याच पावत्या फीडरमध्ये सारणारी ऑफिसात एकच व्यक्ती आहे.

चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरियात पहिली प्रत काढली, तीही गंधकाचा थर दिलेली पट्टी रुमालाने घासून. तो पेटंटच्या कामात होता, हाताने नकला करून कंटाळला होता. हे मी त्या रात्री नेटवर वाचत बसले होते. झोप येत नव्हती, दुसरं काय.

आजींचे कागद मी काचेवर एकेक ठेवून काढले, आकडा न् आकडा ताडून बघितला. मशीन बिघडलं होतं, असं त्यांना सांगितलं.

मामांना जिन्यात गाठलं. "मामा, तो डिंक माझा होता."

"माहीत होतं," ते म्हणाले. "पावत्या वाळू द्यायच्या जरा."

ओरडले होते सगळ्यांसमोर, माफी मात्र जिन्यात मागितली. ते अजून टोचतंय.