गाडी लढाईची होती

शिरूर कासारच्या आमच्या घरात, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, आजोबांचे एक छायाचित्र गेली कित्येक वर्षे टांगलेले आहे. अंगात खाकी सदरा, खाली खाकी अर्धी विजार, आणि एक हात मागे उभ्या असलेल्या लष्करी ट्रकच्या नाकावर, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा ठेवलेला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगत असू, "आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते." ट्रक समोरच असल्याने पुढे कोणी काही विचारीत नसे.

आजोबा १९८४ साली प्रभूघरी गेले. शोकसभेत वाचण्यासाठी त्यांचा चार ओळींचा परिचय मी लिहिला आणि त्यात 'केरेनच्या लढाईत सहभाग' असे शब्द घातले. इरिट्रियातील केरेनचा डोंगरी मोर्चा मार्च १९४१ मध्ये हिंदी फौजांनी इटालियनांकडून जिंकला, मराठा पलटणी तेथे लढल्या, हे मी नुकतेच कोठेतरी वाचले होते. आजोबांनी केरेनचे नाव कधी काढल्याचे मला आठवत नव्हते. त्यांनी ते नाकारल्याचेही आठवत नव्हते, आणि त्या वयात मला एवढा पुरावा पुरेसा वाटला. तेव्हापासून दर २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या दिवशी, मिस्सेत वाचल्या जाणाऱ्या यादीत त्यांच्या नावापुढे 'सैनिक' हा शब्द येत राहिला.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने त्या छायाचित्राचा मोबाइलवर फोटो काढला, तो मोठा करून पाहिला आणि विचारले, "काका, हा ट्रक कोणत्या कंपनीचा?" मला सांगता आले नाही. एवढ्याशा प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. पाथर्डीमार्गे नगरला (आता अहिल्यानगरला) जाऊन तेथील लष्कराचे रणगाडा संग्रहालय पाहून आलो. १९९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय अवश्य पाहण्यासारखे आहे. तथापि तेथे मान रणगाड्यांना. ओझी वाहणाऱ्या बिचाऱ्या ट्रकांसाठी मला पुस्तकेच धुंडाळावी लागली.

अशा गाड्या ओळखण्याची एक रीत असते. रंग पाहू नये, तो कोणीही देतो. नाक पाहावे, काच पाहावी, चाके पाहावीत. आमच्या ट्रकचे नाक आखूड, जवळजवळ चपटे; समुद्रमार्गे पाठविताना जहाजात जागा कमी लागावी म्हणून मुद्दाम तसे केलेले. मागच्या धुऱ्याला प्रत्येक बाजूस एकच मोठे टायर. नेहमीच्या मालट्रकला तेथे जोडटायर असते. सर्वांत बोलकी समोरची काच. तिची वरची कड पुढे झुकलेली आणि खालची आत गेलेली, भुवई पुढे यावी तशी. उन्हाची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये आणि काचेची चमक वरून जाणाऱ्या विमानाला दिसू नये, यासाठी ही युक्ती होती. एवढ्या खुणा जुळल्यावर संशय उरला नाही. गाडी कॅनडात ठरलेल्या लष्करी नमुन्याची होती. कॅनडाने त्या युद्धात सर्व प्रकारची मिळून आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बांधली, आणि या नमुन्याचे ट्रक फोर्ड व शेव्हर्ले या दोन्ही कंपन्यांनी जवळजवळ एकाच रूपाचे काढले. सुट्या भागांच्या पेट्या मुंबईला उतरत आणि जुळणी तेथेच होई. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होताच. दोन भावंडांतला फरक पुढच्या जाळीत दिसतो. शेव्हर्लेची जाळी तिरकी, शंकरपाळ्यांची. फोर्डची सरळ चौकोनांची. भिंग लावून पाहिले तेव्हा आजोबांच्या बोटांमागे चौकोन दिसले. म्हणजे फोर्ड, आठ सिलिंडरांचा.

त्या आनंदात एक दिवस गेला. मग तारीख लक्षात आली. झुकलेल्या काचेची ही केबिन, तेरा नंबरची म्हणतात ती, १९४१ च्या अखेरीस निघाली. केरेन त्याच वर्षी मार्चमध्ये पडले. ज्या लढाईत मी आजोबांना उभे केले होते, त्या लढाईच्या वेळी त्यांच्या हाताखालचा ट्रक जन्मलाच नव्हता.

मनाची समजूत घालणे अवघड नसते. केरेन नसेल तर इटली असेल, ब्रह्मदेश असेल. निजामाच्या राज्यात १९४८ च्या सप्टेंबरात फौज आली, त्या वेळचे असेल, असेही धाकट्या काकांनी सुचविले. ट्रकवर लष्करी नंबर मिळाला तर काही निकाल लागेल, म्हणून मी छायाचित्र फ्रेममधून बाहेर काढले. काचेखालच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने वरचा दोन बोटे भाग झाकला होता. तेथे, केबिनच्या कपाळावर, रंगविलेली पाटी होती. इंग्रजी अक्षरे स्वच्छ होती: 'पब्लिक कॅरियर'. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला १९३९ च्या मोटर वाहन कायद्याने दिलेले हे नाव. फौजेच्या गाडीवर ते कशाला असेल?

आत्या आता नव्वदीच्या पुढे आहेत. छायाचित्र मांडीवर घेऊन त्यांनी पाटीवरून बोट फिरविले. वाचता त्यांना येत नाही.

"डिस्पोजलची गाडी ही," त्या म्हणाल्या. "लढाई संपल्यावर सरकारनं विकायला काढल्या होत्या. शेठनं एक घेतली आन् दादांना तिच्यावर ठेवलं. सरकीची पोती नगरला न्यायचे. हद्दीवर करोडगिरीचं नाकं होतं, तिथं घंटा घंटा थांबायचं. मी पोत्यांवर बसून गेलेय एकदा."

"पण दादा लढाईत होते ना?"

"कोण म्हणलं? दादा म्हणायचे, गाडी लढाईची हाय."

मी काही बोललो नाही. त्याच पुढे म्हणाल्या, की हँडल मारताना ते उलटे फिरून दादांचे मनगट मोडले होते, आणि मोडक्या हाताने त्यांनी गाडी नगरहून शिरूरपर्यंत आणली, कारण शेठची पोती भिजली असती. ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होतो. छायाचित्रात पुन्हा पाहिले. ट्रकच्या नाकावर ठेवलेला तो हात मनगटापाशी किंचित वाकडा आहे. इतकी वर्षे मला ती सैनिकाची ऐट वाटली होती.

गेल्या ऑक्टोबरात फादरांकडे जाऊन यादीतला शब्द बदलून घेतला. का, हे त्यांनी विचारले, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या चार ओळी मी त्यांना सांगितल्या. त्यांनी 'सैनिक' वर रेघ मारली, लेखणी तशीच धरली आणि विचारले, "मग काय लिहू?" मी म्हणालो, "ड्रायव्हर." २ नोव्हेंबरच्या मिस्सेला आत्या पुढच्या बाकावर होत्या. नाव वाचले गेले तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

छायाचित्र पुन्हा त्याच जागी आहे. फ्रेम नवी घेतली. पुठ्ठ्याची चौकट लावली नाही.