द्विहृदया

'डोहाळे' हा शब्द वर्गात आला की आम्ही त्याचे मूळ सांगतो: दोहद, आणि त्याच्या मागे द्विहृदय. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. महाड-पोलादपूरच्या मुली हे ऐकून लाजतात, मुलगे बाकाकडे पाहतात, आणि आम्हीही घाईने पुढच्या कवितेकडे वळतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे पिल्लू लागले. माणसांनी त्याला वाचवण्याची शिकस्त केली. ते वाचले नाही. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे पिल्लाविषयी हळहळले. त्याच्या आईविषयी कोणीच विचारले नाही, म्हणून आम्ही दोघींनी वाचायला घेतले.

देवमासा नावापुरताच मासा. डॉल्फिनच्या मादीतही गर्भ राहिला की बीजकोषातील पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवत राहतो. प्रसूतीच्या तोंडावर ते उतरते, अंगाचे तापमानही किंचित घटते. पाळलेल्या डॉल्फिनांचा दिवस त्यावरून ओळखतात. पण कधी गर्भ नसतानाही हे संप्रेरक महिनोन्‌महिने चढलेलेच राहते. शरीर दुसऱ्या हृदयाची तयारी करीत बसते, आणि ते हृदय तिथे नसतेच.

पूर्वी अशी माहिती बहुधा मारलेल्या माद्यांकडूनच मिळे. आता कातडीखालच्या चरबीचा कण पुरतो, विष्ठाही पुरते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर संशोधकांनी चक्क वास काढणारा कुत्रा नावेत घेऊन ऑर्कांची विष्ठा गोळा केली. (साहित्याच्या संशोधनाला इतका गुणी सहकारी मिळत नाही.) २००८ ते २०१४ या काळातील त्या नमुन्यांवरचा निष्कर्ष २०१७ साली आला: संप्रेरकांवरून ओळखू आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत वाया गेल्या होत्या, कित्येक तर पार उत्तरार्धात. चिनूक सामन हा त्यांचा मुख्य आहार कमी पडला होता. २०१८ मध्ये याच कळपातील एका मादीने मेलेले पिल्लू १७ दिवस पाण्यावर तोलून वाहिले. ते जगाने पाहिले. त्याआधीची वाया गेलेली गर्भारपणे मात्र संप्रेरकांच्या आकड्यांतच होती.

आमच्यापैकी एकीच्या जुन्या फायलीत प्रोजेस्टेरॉनचा एक रिपोर्ट आहे. तिसऱ्या महिन्यातला. तेव्हा घरात 'पाय जड उचलला असेल', 'कॉलेजची दगदग' एवढेच बोलले गेले, आणि सोमवारी ती वर्गावर गेली. त्या गर्भाची नोंद त्या कागदाखेरीज कुठेही नाही.