रोमोनं परत यावं का?

२० जानेवारी २०१९ ची रात्र. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये कडाक्याची थंडी होती आणि सुपर बोलमध्ये कोण जाणार याचा निकाल लागायचा होता. एका बाजूला टॉम ब्रेडीचे पेट्रियट्स, दुसऱ्या बाजूला तरुण पॅट्रिक महोम्सचे चीफ्स. सामना जादा वेळेत गेला आणि पेट्रियट्सनी तो ३७-३१ असा जिंकला. पण दुसऱ्या दिवशी ब्रेडीच्या जोडीनं आणखी एका माणसाची चर्चा होती, आणि तो मैदानात उतरलाच नव्हता. सीबीएस वाहिनीचा समालोचक टोनी रोमो. चेंडू हलण्याआधीच तो सांगत होता, की हा खेळाडू इथं उभा आहे म्हणजे चेंडू तिकडं जाणार. आणि पुन्हा पुन्हा चेंडू तिकडंच जात होता.

रोमो स्वतः डॅलस काउबॉइजचा माजी क्वार्टरबॅक. त्यामुळे ओघानंच एक प्रश्न निघाला, आणि तो पुढची कैक वर्षं निघत राहिला: ज्याला वरून इतकं दिसतं, तो खाली का नाही?

प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचं मूळ या खेळाच्या रचनेत आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन चालींच्या मध्ये साधारण ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. पुढची चाल कोणती हे प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की हा रेडिओ बंद होतो. तिथून पुढं क्वार्टरबॅक एकटा. समोरची बचावफळी कशी उभी आहे, कोण धावून येण्याचं सोंग करतोय आणि कोण खरंच येणार आहे, हे त्यानं ओळखायचं आणि गरज पडली तर तिथल्या तिथं चाल बदलायची. मग चेंडू हातात येतो, आणि त्याच्यापाशी उरतात अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत येतात.

समालोचन कक्षात बसलेल्या रोमोकडे ते आधीचे १५ सेकंद पुरेपूर असतात. नंतरचे तीन नसतात. त्याच्या पुनरागमनाची हौस असलेल्यांचा घोटाळा इथंच होतो. पहिल्या भागातलं कौतुक ते दुसऱ्या भागाच्या खात्यावर जमा करतात.

त्या तीन सेकंदांनी रोमोचं काय केलं याची नोंद आहे. २००३ मध्ये कुठल्याच संघानं त्याला निवडीत घेतलं नव्हतं. न निवडलेला खेळाडू म्हणून तो डॅलसमध्ये आला आणि २००६ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला. २०११ मध्ये बरगडी मोडली, फुफ्फुसाला छिद्र पडलं, आणि तशाही अवस्थेत त्यानं तो सामना जिंकून दिला. २०१३ मध्ये पाठीवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, २०१४ मध्ये मणक्याची टोकं मोडली. २०१५ च्या एकाच हंगामात गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये सिॲटलला सरावाच्या सामन्यात मागून धडक बसली आणि पाठीचा मणका पुन्हा मोडला. त्याच्या जागी डॅक प्रेस्कॉट नावाचा नवखा पोरगा आला आणि संघ सलग ११ सामने जिंकला. नोव्हेंबरमध्ये रोमोनं पत्रकारांसमोर एक निवेदन वाचलं आणि ही जागा प्रेस्कॉटनं कमावली आहे, हे जाहीरपणे मान्य केलं. खेळाडूंच्या निवेदनांत इतकं नितळ काही क्वचितच ऐकायला मिळतं.

१ जानेवारी २०१७ ला फिलाडेल्फियात त्याला थोडा वेळ उतरवलं. चार पास टाकले, तीन पोहोचले, त्यातल्या शेवटच्यावर टचडाउन. एप्रिलमध्ये त्यानं निवृत्ती घेतली आणि सीबीएसनं त्याला थेट आपल्या पहिल्या क्रमांकाच्या जोडीत, जिम नॅन्ट्झच्या शेजारी बसवलं. तिथून उठवला गेला तो फिल सिम्स, म्हणजे आणखी एक माजी क्वार्टरबॅक. २०२० मध्ये झालेला रोमोचा नवा करार वर्षाला सुमारे १.७ कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या पैशांत मणका मोडून घ्यावा लागत नाही, हाही एक मुद्दा आहेच.

उलट वाटेनं गेलेला माणूसही २०१७ मध्येच सापडतो. जे कटलर शिकागो बेअर्समधून बाहेर पडला, फॉक्स वाहिनीनं त्याला समालोचक म्हणून करारबद्ध केलं, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, मायामी डॉल्फिन्सच्या रायन टॅनेहिलचा गुडघा गेला. मायामीचा प्रशिक्षक ॲडम गेस कटलरला शिकागोपासून ओळखत होता. एका वर्षाचा, एक कोटी डॉलरचा करार झाला. फॉक्सवर कटलरनं एकाही सामन्याचं समालोचन केलं नाही. मायामीत आल्यावर तो गमतीनं म्हणाला, की क्वार्टरबॅकला फारसा दम लागत नाही, त्यामुळे तब्येत फार कमवायची गरज नाही. पुढं काय झालं? १४ सामने, १९ टचडाउन पास, १४ पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात, आणि संघाचा हंगाम ६ विजय, १० पराभव. डिसेंबरच्या एका सोमवारी त्यानं ब्रेडीच्या पेट्रियट्सना २७-२० असं हरवलंही. पण त्या हंगामातला लोकांच्या ध्यानात राहिलेला कटलर वेगळा आहे. लंडनच्या वेम्बली मैदानावर एका चालीत चेंडू थेट दुसऱ्या खेळाडूला दिला गेला, आणि कटलर बाजूला कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. बस चुकलेला माणूस उभा राहतो तसा.

कटलरवर हसणं सोपं आहे. त्याला बोलावणाऱ्यांना विचारायचा प्रश्न जास्त अवघड आहे. २०१७ च्या त्या उन्हाळ्यात क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निक घरी बसून होता. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसून त्यानं कृष्णवर्णीयांवरच्या अत्याचारांचा निषेध केला होता, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. वय २९, सुपर बोल खेळलेला, आणि निवृत्त न झालेला. त्याला कुणी करार दिला नाही. निवृत्त होऊन माईक हातात घेतलेल्या ३४ वर्षांच्या माणसाला दिला. मायामीकडे कारण होतं, कटलरला गेसची चाल-पद्धत ठाऊक होती. कारण खोटं नव्हतं. पण निवृत्त माणूस परततो तेव्हा ती जागा रिकामी पडलेली नसते, ती कुणाची तरी असू शकली असती, एवढं त्या उन्हाळ्यानं दाखवून दिलं.

आणखी एक योगायोग. कटलरचा करार होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २५ जुलै २०१७ ला, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टनच्या संशोधकांचा अहवाल आला होता. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, त्यातल्या ११० जणांत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळला. हे मेंदू दान केलेले होते, आणि शंका असलेली कुटुंबंच बहुधा दान करतात, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंचं प्रमाण इतकं आहे असं त्यातून निघत नाही. संशोधकांनीच तसं बजावलं होतं. तरी आकडा आकडाच. ट्रॉय एकमन, रोमोच्याच डॅलसचा आधीच्या पिढीतला क्वार्टरबॅक, डोक्याला वारंवार बसलेल्या मारानंतर २००१ मध्ये ३४ व्या वर्षी थांबला आणि समालोचनात गेला. तो आजही बोलतोय, आणि छान बोलतोय.

ड्रू ब्रीझची गोष्ट जरा हळवी आहे. न्यू ऑर्लिन्सचा हा लाडका क्वार्टरबॅक २०२१ मध्ये, ४२ व्या वर्षी, निवृत्त होऊन एनबीसीवर गेला. त्याच डिसेंबरमध्ये कोविडनं त्याच्या जुन्या संघाचे क्वार्टरबॅक एकदम बाद झाले तेव्हा प्रशिक्षक शॉन पेटननं त्याला परत आणण्याचा प्रयत्न केला. ब्रीझ आला नाही. नवखा इयन बुक खेळला, संघ ३-२० असा हरला. पुढं एनबीसीवरचं ब्रीझचं कामही एका वर्षात संपलं, आणि कदाचित पुन्हा फुटबॉल खेळेन, असं त्यानं अर्धं गमतीत लिहून टाकलं. चाहत्यांच्या आशा पालवल्या. नंतर त्यानंच सांगितलं, की उजवा हात आता चालत नाही; अंगणात मुलांबरोबर खेळताना तो डाव्या हातानं चेंडू फेकतो. मनात अजून सगळं शाबूत होतं, हात तेवढा नव्हता.

काही जण परततात ते मैदान ओढतं म्हणून नाही, माईक जमत नाही म्हणून. रोमोचा दोस्त जेसन विटन क्वार्टरबॅक नव्हता, पण त्याचं उदाहरण इथं बसतं. २०१८ मध्ये त्यानं सोमवार रात्रीच्या सामन्यांचं समालोचन घेतलं, वर्षभर टीका सोसली, आणि २०१९ मध्ये पुन्हा डॅलसची जर्सी घातली. ६३ झेल घेतले. त्याचा निर्णय योग्य होता.

मराठी वाचकाला हे वळण क्रिकेटमधून ओळखीचं असेल. १९७७ मध्ये केरी पॅकरनं आपल्या खासगी मालिकेसाठी ऑस्ट्रेलियाचे बिनीचे खेळाडू पळवले तेव्हा दहा वर्षांपूर्वी कसोटी सोडलेल्या ४१ वर्षांच्या बॉब सिम्प्सनला कर्णधार म्हणून परत आणलं. समोर बिशनसिंग बेदीचा भारतीय संघ होता. गावसकरांनी त्या मालिकेत तीन शतकं ठोकली, तरी मालिका सिम्प्सननं ३-२ अशी जिंकली. पर्थला १७६ आणि एकूण ५३९ धावा केल्या. मग तेच पाय घेऊन तो वेस्ट इंडिजला गेला. रॉबर्ट्स, क्रॉफ्ट, गार्नर यांच्यासमोर बॅट चालेना. बेदी-चंद्रशेखर यांना खेळायला अनुभव आणि पदलालित्य पुरलं, ताशी ९० मैलांच्या चेंडूला नजर लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये फिरकीचा दिवस नसतो. तिथं रोजच गार्नर.

ब्रेडीचं काय, असं कुणी विचारेल. तो २०२२ मध्ये ४० दिवसांत निवृत्ती मोडून परतला, पण तेव्हा तो समालोचक झालेला नव्हता, आणि त्या हंगामात त्याच्या टॅम्पा बे संघाचे विजय ८, पराभव ९. आता तो फॉक्सवर बोलतो, रेडर्स संघाच्या मालकीत त्याची भागी आहे, आणि तरीही दरवर्षी त्याच्या परतीची आवई उठते. ती उठवणाऱ्यांना त्याची तयारी कितपत ठाऊक असते, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

परतीच्या या बोलावण्यांचं मूळ बहुधा एकच: दुसऱ्या कुणाची तरी दुखापत किंवा आजारपण. डिसेंबर २०२५ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सच्या डॅनियल जोन्सची टाच निकामी झाली आणि फोन गेला निवृत्त क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सला. वय ४४, दहा मुलांचा बाप, आजोबा, अलाबामातल्या एका शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक. तो समालोचक नव्हता, पण शाळेत रोज तीच चाल-पद्धत शिकवत होता, हा फरक महत्त्वाचा आहे. जवळपास पाच वर्षांनी तो पुन्हा उतरला आणि सिॲटलमध्ये त्याचा संघ १६-१८ असा हरला. धावता येत नव्हतं, पास छोटे होते, तरी त्या दिवशी अमेरिकेतला प्रत्येक पोक्त माणूस त्याच्या बाजूनं असावा. पुढचे दोन सामनेही हरले. शेवटच्या सामन्यात नवख्या रायली लेनर्डला उतरवलं. ८-२ अशी सुरुवात केलेला कोल्ट्सचा हंगाम ८-९ वर संपला.

रोमो रिव्हर्सपेक्षा दीडेक वर्षानं मोठा आहे आणि त्याची पाठ रिव्हर्सची नाही. शिवाय अलीकडे त्याच्या भाकितांवरही टीका होते: पूर्वीसारखं नेमकं सांगत नाही, बडबड वाढली. साहजिक आहे. २०१९ मध्ये त्याला जे दिसत होतं ते दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतः खेळल्यामुळे दिसत होतं. प्रशिक्षक बदलले, बचावाच्या नव्या तऱ्हा आल्या, आणि ते ज्ञानही शिळं होत गेलं. म्हणजे ज्या गुणाच्या भरवशावर त्याला बोलवायचं, तोही आता उतरणीला लागला आहे.

तेव्हा रोमोनं परत येऊ नये. त्याला मेहनत करायचीच असेल तर आठवड्याभराच्या चित्रफिती पाहण्यात करावी. सीबीएसच्या प्रेक्षकांचं त्यात भलं आहे. आणि पुढच्या वेळी कुणा क्वार्टरबॅकला स्ट्रेचरवरून नेतील, तेव्हा संघांनी समालोचकांचे नंबर फिरवण्याआधी आपल्याच बाकावरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पोराकडे एकदा नीट पाहावं. २०१६ मध्ये डॅलसला प्रेस्कॉट तिथंच सापडला होता.