आधी ऐकून घ्यावं

माझं औषधांचं छोटं दुकान आहे, बाजाराच्या गावी, एस.टी. स्टँडला लागून. ताप आला, पोट बिघडलं की माणसं डॉक्टरांच्या आधी माझी पायरी चढतात.

काही वर्षांपूर्वी एक बाई तापाचं औषध न्यायला आली. लेकरू नऊ महिन्यांचं. गोवराची लस टोचली का, असं मी विचारलं. "मागच्या सुईनं दोन दिवस तापला होता, आता नको," ती म्हणाली. मी चार गिऱ्हाइकांदेखत फटकारलं, "असा अडाणीपणा बरा नव्हे!" ती खाली मान घालून गेली, ती पुन्हा आली नाही. पुढल्या वर्षी गोवराची साथ आली. ते लेकरू न्युमोनियानं तालुक्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होतं. वाचलं. पण पुन्हा विचारायला यायची तिची वाट मीच बंद केली होती, हे मनाला लागून राहिलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक आजी आली. घरची माणसं ऊसतोडीला निघालेली. नातू चार महिन्यांचा, दीड महिन्याची लस झालेली, पुढची चुकवलेली. या वेळी मी स्टूल पुढं केलं आणि विचारलं, "आजी, सुईनंतर तुम्ही काय पाहिलं?"

"काय सांगू दादा, रातभर रडला. अंग तव्यावानी. मांडीला गाठ आली. मला वाटलं, पोरगं हातचं जातंय."

"घाबरण्यासारखंच होतं," मी म्हणालो. खरंच होतं ते. मग सांगितलं, की एक-दोन दिवस ताप आणि टोचल्या जागी सूज येते. अंग रोगाशी झुंजायला शिकत असतं. बाळाला अंगावर पाजत राहावं. तापाचं औषध वजनाप्रमाणे द्यावं. गाठीवर शेक, हळद काही नको, गार पाण्याची स्वच्छ घडी पुरते. मात्र झटके आले, मूल मलूल पडलं, किंवा तीन तासांवर रडं थांबेना, तर तडक डॉक्टर गाठावा. काहीच होत नाही, असं मी म्हणालो नाही. तसं म्हटलं आणि ताप आला, तर पुढचा शब्द कोण ऐकेल?

"पण आता उशीर झाला की! पहिल्यापासून टोचायचं का?"

"नाही. राहिली तिथून पुढं. ही लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ अशा रोगांसाठी आहे. एका डोसानं पुरतं बळ येत नाही. दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत. तिसरा कारखान्याच्या गावी घ्या. सरकारी दवाखान्यात पैसा पडत नाही. कार्ड तेवढं जपा."

सुई टोचणं माझं काम नव्हे. मी उपकेंद्राचा लसीकरणाचा वार सांगितला. आजी नातवाला घेऊन गेली.

वाचकहो, शंका पोटात ठेवू नका. नर्सताईंना, आशाताईंना, आमच्यासारख्या दुकानदारालाही विचारा.

पाडव्यानंतर टोळी परतली. आजीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. तिसऱ्या डोसापुढं परगावच्या नर्सबाईंच्या हातची तारीख होती.

"दादा," ती म्हणाली, "पोरगं नऊ महिन्यांचं होऊन गेलं. गोवराची कोणत्या वारी?"