उघड्या जीपमधला आवाज

उघड्या गाडीत गाणी ऐकणं ही तशी हरलेलीच लढाई. बंद कारमध्ये काचा, छत, सीटा सगळं मिळून आवाज धरून ठेवतं; खर्जाला तर बंद केबिन स्वतःहून बळ देते. छत काढलं की आवाज स्पीकरमधून निघतो आणि सरळ शेतात जातो. मागे उरतात वारा, टायर आणि इंजिन. तरी माणसाने हा हट्ट सोडलेला नाही. १९३० साली अमेरिकेत गाडीत बसवायच्या एका रेडिओला ‘मोटोरोला’ नाव दिलं गेलं, ते ‘मोटर’ या शब्दावरूनच. ते इतकं चाललं की पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं.

कन्व्हर्टिबल म्हटलं की आपल्याला सिनेमातली लाल गाडी आठवते. पण महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची खरी कन्व्हर्टिबल म्हणजे ताडपत्रीचं हूड असलेली महिंद्राची जीप. चेहरा दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजचा, हूड सोडलं की डोक्यावर आभाळ. माझी एमएम ५४० आहे, सेकंडहँड, प्यूजोच्या रचनेचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन असलेली. सपाट पत्र्याचा डॅशबोर्ड, त्यावर मोजकेच मीटर. त्या पत्र्याला भोक पाडायचं नाही, ही साऊंड सिस्टीमसाठी माझी पहिली अट. दुसरी, सगळं सहा हजारांत बसवायचं. तिसरी अट आजोबांमुळे आली, आणि त्यांना तिचा पत्ताच नव्हता.

आम्ही पनवेलजवळ कोनला राहतो. गिरणी कामगारांसाठीच्या सोडतीत लागलेलं घर आहे. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तोवर त्यांची वीसेक वर्षं साच्यांवर गेली होती. भारतात कारखान्यातल्या आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. शेकडो साचे एकत्र धडधडतात तिथे ती सहज ओलांडली जाते. खात्यात बोलणं शक्यच नसायचं, ते सांगतात. हातवारे आणि ओठांच्या हालचालींवर काम चालायचं. पाळी सुटली तरी कानात साचे चालूच.

अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती जाते. माणूस बहिरा दिसत नाही, कारण स्वर ऐकू येतात. जातात ती स, श, फ, त यांसारखी नाजूक व्यंजनं. ‘साप’ आणि ‘ताप’ सारखेच वाटतात. आजोबांची तक्रार वर्षानुवर्षं एकच: “आवाज येतो रे, शब्द येत नाहीत.” लालबागच्या चाळीत हे खपून जायचं. तिथे समोरच्याचा चेहरा, गॅलरीतली ओळख, अर्धं बोलणं आधीच ठाऊक. कोनच्या इमारतीत दारं बंद असतात. ते कानाचं मशीन घरात लावतात, पण जीपमध्ये काढून खिशात ठेवतात, कारण वाऱ्याने ते नुसतं घोंघावतं. म्हणजे रविवारी मी त्यांना फिरायला न्यायचो, आणि तासभर आम्ही शेजारी बसून गप्प असायचो.

म्हणून गणित मांडलं. दुकानातल्या स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० गुणिले ४ वॅट’ लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात आणि स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टेज वाढवणारी वेगळी व्यवस्था नसेल, तर एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २५ वॅट मिळू शकतात, प्रत्यक्षात १८-२०. बाकीचे वॅट खोक्यावरच राहतात. आणि वॅट वाढवूनही फारसं हाती लागत नाही: शक्ती दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. उलट मोकळ्या हवेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, तेही फुकट. स्पीकर कानापासून एक मीटरऐवजी पाव मीटरवर आणला तर १२ डेसिबल. तेवढ्यासाठी अँप्लिफायर सोळापट मोठा घ्यावा लागला असता.

मग जागा ठरली: रोलबार, बरोबर डोक्यामागे. तिथे चार इंची दोन मरीन स्पीकर, कारण त्यांचा कोन कागदी नसतो आणि पनवेलचा पाऊस ताडपत्रीतून वाट काढतोच. त्यांच्यासाठी छोटी बंद खोकी केली; उघड्या स्पीकरची पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकते. कुशनवाल्याने रोलबारवर काळं रेक्झिन चढवलं, स्पीकरपुढे जाळीचं कापड. लांबून नुसती गादी दिसते. छोटा क्लास डी अँप्लिफायर सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत गेला. त्याची वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीला लागून १० अँपिअरचा फ्यूज. डिझेलला स्पार्क प्लग नसल्यामुळे त्याची कटकट नाही; आल्टरनेटरची शीळ मात्र येते, म्हणून अर्थिंगही थेट बॅटरीलाच.

अँप्लिफायर निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: त्याला माइक लावता येतो का. कॉलरला लावायचा छोटा माइक लॅमिंग्टन रोडवर मिळाला, वाऱ्यासाठी त्यावर फोमची टोपी. माइक माझ्या ओठांजवळ, चालू फक्त आजोबांच्या बाजूचा स्पीकर. त्यामुळे शिट्टी वाजत नाही. बास पूर्ण कमी केला, कारण वाऱ्याची आणि इंजिनची घरघर तिथेच असते. ट्रेबल वाढवला, कारण हरवलेली व्यंजनं तिथे असतात. आवाजाच्या बटणावर एक खूण केली आणि त्यापुढे जायचं नाही असं ठरवलं. उरलेला कान आपणच संपवायचा नाही.

खर्च: स्पीकर १,८००, अँप्लिफायर १,६००, माइक ६००, वायर-फ्यूज ७००, कुशनवाला १,२००. एकूण ५,९००.

पहिल्यांदा कोन-सावळा रस्त्याला गेलो. वेग चाळीस. मी आजोबांकडे न बघता, घरात बोलतो तसं विचारलं, “आजोबा, पाणी हवंय का?”

ते दचकले. रोलबारकडे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

“ओरडतोस कशाला?”

मी बटण थोडं मागे घेतलं. पुढे त्यांनी सांगितलं की साचेखात्यात पाणी मागायची खूण कशी असायची, जॉबर येतोय हे कसं कळवायचे, आणि पाळी संपल्यावर ट्रान्झिस्टरवर ‘कामगार सभा’ लागली की शेजारचे अजून तितक्याच मोठ्याने का बोलत असायचे. मी मध्येच प्रश्न विचारत होतो आणि त्यांना ते कळत होते. एकदाही “काय?” म्हणाले नाहीत. रसायनीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर माइक काढू देईनात.

फोनमध्ये त्यांच्या आवडीच्या गाण्यांची यादी करून ठेवली आहे. तीन रविवार झाले, ती लावायला अजून वेळ मिळालेला नाही.