कागदाची सळसळ

काही चित्रपट डोळ्यांपेक्षा कानांत जास्त राहतात. व्हेरा खितिलोव्हाचा १९६६ सालचा ‘सेद्मिक्रास्की’, म्हणजे ‘डेझीची फुलं’, माझ्यापाशी राहिला आहे तो एक सळसळ होऊन. अंगभर वर्तमानपत्रं गुंडाळून, वरून सुतळीनं करकचून बांधलेल्या दोन मुली उद्ध्वस्त मेजवानीच्या दालनात लगबगीनं वावरतात, आणि त्यांच्या हालचालींसरशी तो कागद सळसळत राहतो.

दोघींचं नाव मारी. जगच बिघडलंय तर आपणही बिघडू, एवढंच त्यांनी ठरवलेलं. मग वयस्क पुरुषांच्या खर्चानं जेवायचं, खिदळायचं, कात्रीनं हाती येईल ते कापत सुटायचं. आणि शेवटी कुणा बड्यांसाठी मांडलेल्या पानांवर तुटून पडायचं, केक एकमेकींवर फेकायचे, ताटं तुडवत टेबलावरून मिरवायचं, झुंबराला लोंबकळून झोके घ्यायचे.

तो चुराडा पाहताना माझ्याही पोटात कालवलं. पानातलं शीत न शीत वेचायला शिकवणारं बालपण असं सहजी सुटत नाही. म्हणून १९६७च्या मे महिन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेत खासदार प्रुझिनेत्स शेतकऱ्यांच्या कष्टांची आठवण देत या चित्रपटावर तुटून पडले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातला तो शेतकरी मला कळतो. त्याच्या आडून मागितलेली बंदी मात्र कळत नाही. चित्रपट अडवला गेला. ऑगस्ट १९६८मध्ये प्रागच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे आले, आणि पुढे कित्येक वर्षं खितिलोव्हाला चित्रपट करू दिला गेला नाही.

किती हळहळ वाटते! कारण त्या रागावलेल्या माणसांना जे हवं होतं, ते तिनं पडद्यावर देऊनच टाकलं होतं. कागदात गुंडाळलेल्या त्या मुली फुटक्या बशांचे तुकडे जुळवतात, तुडवलेलं अन्न पुन्हा ताटांत भरतात, आणि घाईघाईनं कुजबुजत राहतात, की आता आम्ही चांगल्या होऊ, कामसू होऊ, मग सगळं छान होईल. शब्द सगळे शहाणे. जीव मात्र एकातही नाही. बशा काही सांधत नाहीत. आणि ते झुंबर शेवटी त्यांच्यावरच कोसळतं.

तुडवलेल्या भाजीपाल्याखेरीज कशाचाच ज्यांना संताप येत नाही, अशांना तिनं हा चित्रपट अर्पण केला. मला वाटतं, धाकानं आलेल्या शहाणपणाला स्वतःचा एक आवाज असतो. तो एकदा ऐकला, की मग कुठेही ओळखू येतो. आणि कुणाचंच न ऐकता खिदळत चाललेल्या पोरी दिसल्या, की त्यांच्यावर रागावणं जिवावर येतं.