घराला किती एमबीपीएस लागतंय?

हल्ली कुणाच्या घरी गेलं, की चहाच्या आधी वाय-फायचा पासवर्ड येतो आणि पाठोपाठ ‘आमच्याकडे तीनशे आहे हं!’ जणू थ्री बीएचके! तीनशेचं नेमकं करता काय, असं विचारलं की मात्र सगळे गप्प.

मलाही हा प्रश्न पडला नसता. पण बापूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दादा-वहिनींना शेत आणि दुकानातून सवड नाही. बॉस म्हणाला, ‘तीन महिने गावाहून काम कर. पण क्लायंट कॉलवर अडकलास की परत पुणे!’ म्हणजे शिरूर अनंतपाळच्या घरात माझी नोकरी आणि बापूंची शुश्रूषा, दोन्ही एकाच वायरीवर.

कनेक्शनवाल्या पोरानं ४०, १०० आणि ३००चे प्लॅन सांगितले. ‘दादा, वर्क फ्रॉम होमला तीनशेच घ्या.’ बापू कॉटवरून म्हणाले, ‘अरे, घराला किती लागतंय ते तर काढ आधी. मोटर घेताना एचपी बघतो की आपण.’

बापूंचा हिशेब पाण्याचाच असणार. लातूरकर ना आम्ही! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्याच लातूरला. आणि त्याच सप्टेंबरात जिओ आलं, फुकट डेटाचा पूर घेऊन. थेंब-थेंब मोजणारी माणसं जीबी मात्र सांडू लागली!

तर कागद घेतला. वेळ संध्याकाळी सातची, सगळे घरात. टीव्हीवर बापूंचं कीर्तन, फुल एचडी : ५ एमबीपीएस. पुतण्याची नीटची लेक्चर्स : आणखी ५. माझा ग्रुप व्हिडिओ कॉल : ४. आईचा मावशीशी व्हिडिओ कॉल : २. बाकी फोनांची कुरबुर : ३. झाले १९! उद्या फोर-के टीव्ही आला, तर यूट्यूब त्याला २० मागतं. तरी बेरीज ३४. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे आणि २०२३पासूनची व्याख्या २ एमबीपीएसची आहे, हे लक्षात घेतलं तर ४० म्हणजे चैनच.

मग तीनशेनं काय मिळतं? डाउनलोडची घाई भागते. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १ जीबीची फाइल ४०वर साधारण सव्वातीन मिनिटांत येते, ३००वर अर्ध्या मिनिटात. रोज मोठमोठ्या फाइली ओढणाऱ्यांनी जरूर घ्यावं. मी एक्सेलवाला माणूस!

कॉल अडकतो तो वेगळ्याच कारणांनी. एक म्हणजे अपलोड. आपला चेहरा वर जातो ना, पण जाहिरातीत आकडा मोठा दिसतो तो बहुधा डाउनलोडचा. म्हणून त्या पोराला अपलोड किती, हे खोदून विचारलं. फायबरवर दोन्हीकडे ४० निघालं. दुसरं कारण भिंत. आमची मागची खोली माळवदाची, दगडमातीच्या भिंती दोन हात जाड. बैठकीतला वाय-फाय तिथं पोचेपर्यंत दमतो, तुम्ही तीनशे घ्या नाहीतर हजार! आणि तिसरं, लाइट. ती गेली की डबा बंद, मग कसला स्पीड?

घेतलं ४०च. वाचलेल्या पैशांत टेबलापर्यंत लॅनची केबल ओढली आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. दुसरा महिना चालू आहे. बापू काठी टेकत अंगणापर्यंत जातात, आणि पुण्याहून अजून बोलावणं आलेलं नाही.

पुतण्याला मात्र गेमसाठी १०० हवेत. ऑनलाइन गेम खेळताना १ एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतो, त्याला हवा असतो कमी पिंग, हे समजावलं. तर पठ्ठ्यानं माझ्या केबलवरच डोळा ठेवला! लेक्चर्स संपल्यावर रात्री नऊ ते साडेनऊ ती त्याची, असा निकाल वहिनींनी दिलाय.